चष्म्यातील कॅमेरा आणि माणसाचे खासगीपण

पैनगंगेच्या काठच्या मराठी गावांतून, मग ते अलीकडचे तामसी असो वा पलीकडचे यवतमाळ जिल्ह्यातील एखादे खेडे असो, परक्याच्या घरात शिरण्यापूर्वी दारात खाकरण्याची रीत आहे. कोणी आले आहे, आतल्या मंडळींनी सावरून घ्यावे, एवढी सूचना त्यातून मिळते. ओटीवर कोणी बसावे, ओसरीपर्यंत कोणी यावे आणि माजघरात कोणाला मुभा असावी, हे कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात लिहिलेले नाही; तरीही ती मर्यादा ओलांडणाऱ्याला गावात मान राहत नाही. खासगीपण हा शब्द नवा असेल, वस्तू जुनी आहे.

आजवर कॅमेऱ्यालाही स्वतःचे असे एक खाकरणे होते. तिकाटण्यावरचा पेटीसारखा कॅमेरा दुरून दिसे. पुढे हातातला कॅमेरा आला, तरी तो डोळ्याला लावावा लागे. मोबाईल फोनसुद्धा छायाचित्र घेताना उचलून समोर धरावाच लागतो. समोरच्या माणसाला तेवढ्यात पदर सावरता येतो, मान वळवता येते किंवा ‘नको’ म्हणता येते. साध्या चष्म्यासारख्या दिसणाऱ्या आणि तरीही छायाचित्र व चलच्चित्र टिपणाऱ्या नव्या उपकरणाने ही मधली सवड जवळजवळ नाहीशी केली आहे. देशोदेशी या चष्म्याविषयी जी नाराजी व्यक्त झाली, तिचे मूळ येथे आहे.

उपकरण कसे असते

रे-बॅन या चष्म्याच्या परिचित नावाने आणि मेटा या अमेरिकन कंपनीच्या तंत्रज्ञानाने तयार झालेला असा चष्मा 19 मे 2025 रोजी भारतात विक्रीस आला. त्याची आरंभीची किंमत 29,900 रुपये होती. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 च्या हंगामातील हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता, हे ध्यानात घेतले तर एका चष्म्यासाठी साडेतीन क्विंटलांहून अधिक कापूस विकावा लागेल. म्हणजे निंदणाला किंवा वेचणीला जाणाऱ्या मजूर स्त्रीच्या नाकावर हा चष्मा असण्याचा संभव थोडा. तिच्यासमोर उभ्या असलेल्या पाहुण्याच्या नाकावर असण्याचा संभव अधिक. या प्रश्नाचा विचार करताना ही विषमता विसरता येत नाही.

चष्म्याचे वजन सुमारे 50 ग्रॅम भरते. चौकटीच्या एका कोपऱ्यात काच बसवलेल्या जागी हरभऱ्याच्या दाण्याएवढा कॅमेरा असतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात बारीक दिवा. कानावर जाणाऱ्या दांडीवरील कळ दाबली किंवा तोंडाने आज्ञा दिली की चित्रण सुरू होते आणि टिपलेले दृश्य बिनतारी पद्धतीने फोनमध्ये जाते. चित्रण चालू असताना दिवा लागतो व तो झाकला असल्यास कॅमेरा काम करीत नाही, अशी योजना निर्मात्यांनी केली आहे. म्हणजे खाकरण्याचे काम या दिव्यावर सोपविण्यात आले आहे! वैशाखातल्या आदिलाबादच्या उन्हात दहा पावलांवरून तो किती जणांना दिसेल, हे कोणीही करून पाहावे. आयर्लंड आणि इटली येथील माहिती-संरक्षण अधिकाऱ्यांनी सप्टेंबर 2021 मध्ये, म्हणजे या चष्म्याची पहिली आवृत्ती निघाली तेव्हाच, एवढा लहान दिवा पुरेसा आहे काय, असा प्रश्न उपस्थित केला होता. दिवा निकामी करून देणारे कारागीरही पुढे अमेरिकेत आढळून आले. शिवाय बाजारात निनावी कंपन्यांचे स्वस्त ‘गुप्त कॅमेरा’ चष्मे मिळतात. त्यांना तर दिवाच नसतो.

या उपकरणाचे उपयोग नाकारण्याचे कारण नाही. दृष्टिहीन व्यक्तीला समोरची पाटी वाचून दाखविणे, औषधाच्या बाटलीवरील मजकूर सांगणे, ही कामे असे चष्मे करू लागले आहेत, आणि ज्याला दिसत नाही त्याच्या दृष्टीने ती लहान कामे नव्हेत. दोन्ही हात कामात गुंतलेल्या कारागिराला आपले काम दाखविता येते. गुलाबी बोंडअळी लागलेले बोंड फोडता फोडता शेतकरी ते दूरच्या कृषितज्ज्ञाला दाखवू शकेल. तक्रार समोरच्या माणसाच्या संमतीविषयी आहे, चष्म्याविषयी नाही.

ही तक्रार किती जुनी

हातात मावणारा कोडॅक कॅमेरा 1888 मध्ये अमेरिकेत बाजारात आला आणि छायाचित्र काढणे ही धंदेवाईक छायाचित्रकारांची मिरास राहिली नाही. दोनच वर्षांनी, 1890 मध्ये, सॅम्युअल वॉरेन आणि लुई ब्रँडाइस या दोघा वकिलांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या कायदेविषयक नियतकालिकात एक लेख लिहिला. झटपट छायाचित्रे आणि वृत्तपत्रे यांच्यामुळे माणसाच्या घरातील गोष्टी चव्हाट्यावर येत आहेत, त्यांना कायद्याचे संरक्षण हवे, असे त्यांचे प्रतिपादन होते. खासगीपणाच्या आधुनिक कायद्याची चर्चा बहुधा याच लेखापासून सुरू केली जाते. पुढे ब्रँडाइस अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

त्याच सुमाराची एक गोष्ट आपल्या भागाला अधिक जवळची आहे. आदिलाबाद तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी 1892 मध्ये हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी छायाचित्रालय काढले. पडद्यात राहणाऱ्या स्त्रियांना तेथे निःसंकोच जाता यावे म्हणून भोवती उंच भिंती होत्या आणि छायाचित्रे घेण्याचे काम एका इंग्रज बाईंकडे सोपविलेले होते. पडद्याच्या प्रथेविषयी आज कोणाचे काहीही मत असो, दीनदयाळांना एक गोष्ट नेमकी उमगली होती: काच कोणाच्या हाती आहे आणि चित्र कोणाकोणाच्या नजरेस पडेल, यावर समोर बसणाऱ्याचा विश्वास अवलंबून असतो. कॅमेरा घेऊन बाहेर पडणाऱ्या आजच्या कित्येकांना ते उमगलेले दिसत नाही.

त्यानंतर पन्नास वर्षांनी, 1940 च्या दशकात, मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ हे आदिलाबाद जिल्ह्यातील मारलवाई या गोंड गावी राहिले व त्यांनी तेथील जीवनाची विपुल छायाचित्रे घेतली. तेथे प्रत्येकाची संमती आजच्या अर्थाने विचारली गेली असेल, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. परंतु कॅमेरा उघड होता, तो बाळगणारा माणूस गावात राहत होता आणि त्याला हटकता येत होते.

लोकांनी कसे स्वीकारले, कसे नाकारले

कॅमेऱ्याचा चष्मा सर्वसामान्यांपर्यंत नेण्याचा पहिला मोठा प्रयत्न गूगल कंपनीने केला. 2013 मध्ये अमेरिकेत निवडक लोकांना 1,500 डॉलरला असा चष्मा विकण्यात आला. लोकांची प्रतिक्रिया कंपनीच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी कडवट होती. सिएटल शहरातील एका उपाहारगृहाने हा चष्मा घालून येणाऱ्यांना मज्जाव केला. चष्मा घालणाऱ्यांसाठी तेथील बोलीत एक शिवीवजा शब्दही रूढ झाला. जून 2013 मध्ये कॅनडासह अनेक देशांच्या गोपनीयता आयुक्तांनी कंपनीच्या प्रमुखांना पत्र लिहून गोळा होणाऱ्या माहितीविषयी खुलासा मागितला. चेहरा ओळखणाऱ्या योजनांना या चष्म्यावर परवानगी देणार नाही, असे कंपनीला जाहीर करावे लागले. पुढच्या वर्षी तेथील चित्रपटगृहांच्या संघटनेनेही असे चष्मे बंद केले. जानेवारी 2015 मध्ये सामान्य ग्राहकांसाठीची विक्री थांबली. कायद्याने बंदी घातली नव्हती. लोकांच्या कपाळावरच्या आठ्यांनीच ते काम केले, असे म्हटले तर चुकणार नाही.

आता आलेल्या नव्या चष्म्यांना तसा विरोध का होत नाही? एक कारण असे की ते नेहमीच्या चष्म्यासारखेच दिसतात. गूगलचा चष्मा विचित्र दिसे म्हणून लोक सावध होत. जे ओळखू येत नाही त्याला विरोध तरी कसा करणार?

चेहऱ्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील दोघा विद्यार्थ्यांनी या चष्म्याला चेहरे शोधणाऱ्या संगणकीय सेवेची जोड दिली आणि रस्त्यावर भेटलेल्या अनोळखी माणसांची नावे, पत्ते व इतर तपशील अल्पावधीत मिळविता येतात, हे दाखवून दिले. धोक्याची जाणीव करून देणे हाच हेतू असल्याचे सांगून त्यांनी आपली योजना कोणालाही दिली नाही. खेड्यात सगळे सगळ्यांना ओळखतात, तेव्हा येथे काय बिघडणार, असे कोणी म्हणेल. पण खेड्यातली ओळख दुहेरी असते. जो आपल्याला ओळखतो त्याला आपणही ओळखतो. चष्म्याआडची ओळख एकेरी आहे.

भारतातील अनुभव प्रामुख्याने देवस्थानांचे आहेत, कारण छायाचित्रणास स्पष्ट मनाई असलेल्या जागा तेथे आहेत. जानेवारी 2025 मध्ये अयोध्येच्या राममंदिरात आणि जुलै 2025 मध्ये तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात कॅमेऱ्याचा चष्मा घालून आत गेलेल्या भाविकांना ताब्यात घेण्यात आले. दोन्ही ठिकाणी चष्म्यातून चमकलेल्या प्रकाशाने रक्षकांचे लक्ष वेधले, असे त्या वेळच्या वृत्तांत म्हटले आहे. दिवा उपयोगी पडला तो अशा रीतीने. पण तो पाहायला तेथे पगारी रक्षक उभे होते. पाणवठ्यावर रक्षक नसतो.

रानातील कॅमेऱ्याने शिकविलेली गोष्ट

तामसी परिसराला न सांगता टिपणाऱ्या कॅमेऱ्याची ओळख चष्म्यामुळे झालेली नाही. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातील वाघ पैनगंगा ओलांडून तामसी आणि भीमपूर मंडलांच्या शिवारात येतात, आणि त्यांचा माग ठेवण्यासाठी वनविभाग झाडांच्या बुंध्यांना कॅमेरा ट्रॅप बांधतो. समोरून जाणाऱ्या प्राण्याच्या हालचालीने तो आपोआप चित्र घेतो. वाघाच्या आणि माणसाच्याही रक्षणासाठी तो आवश्यक आहे, याविषयी दुमत नाही. परंतु समोरून वाघ गेला की मोहफुले वेचणारी बाई गेली, हा भेद तो करीत नाही.

याचा परिणाम काय होतो, हे उत्तराखंडातील कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात केंब्रिज विद्यापीठाच्या एका संशोधकाने केलेल्या अभ्यासातून दिसून आले. चौदा महिने तेथे राहून, सुमारे 270 रहिवाशांशी बोलून केलेला हा अभ्यास नोव्हेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे 2017 मध्ये प्रातर्विधीसाठी रानात गेलेल्या एका स्त्रीचे चित्र कॅमेरा ट्रॅपमध्ये टिपले गेले आणि ते स्थानिक लोकांच्या फोनवरून पसरविण्यात आले. संतापलेल्या ग्रामस्थांनी आसपासचे कॅमेरे फोडून टाकले. वाघासाठी लावलेला कॅमेरा वाघाच्याही उपयोगाचा उरला नाही!

अभ्यासातील दुसरे निरीक्षण तर कोणालाही अंतर्मुख करील. रानात सरपण आणि गवत आणायला गेलेल्या स्त्रिया जनावरे दूर राहावीत म्हणून मोठ्याने बोलत, गाणी म्हणत. कॅमेरे लागल्यावर आपल्याला कोणी पाहते, ऐकते या भावनेने त्यांचे आवाज खाली आले, गाणी कमी झाली. काही जणी कॅमेरे चुकविण्यासाठी अनोळखी वाटांनी आत जाऊ लागल्या. लाजेने गप्प झालेली बाई वाघाला अधिक जवळ सापडते. तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटे रानात जाणाऱ्या आपल्या भागातील स्त्रियांच्या बाबतीत हे वेगळे असेल, असे मानण्यास आधार नाही.

कॅमेरा ट्रॅप निदान एका जागी बांधलेला असतो. तो कोठे आहे हे वनरक्षकाला विचारून घेता येते, आणि वनाधिकाऱ्यांनी पाणवठे व पायवाटा टाळून तो बांधावा, माणसांची चित्रे तत्काळ पुसावीत, असा आग्रहही धरता येतो. तो धरलाच पाहिजे. चष्मा मात्र चालता-बोलता आहे, आणि तो कोणाच्या अखत्यारीत येत नाही.

कायद्याचे संरक्षण कोठपर्यंत

खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने दिला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारच्या संदर्भात केलेल्या याचिकेतून तो प्रश्न उद्भवला होता. पीठावरील न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड व न्यायमूर्ती शरद बोबडे हे दोघे मराठी भाषिक पुढे सरन्यायाधीश झाले. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचे खासगीपण संपत नाही, असे चंद्रचूड यांच्या निकालपत्रात स्पष्ट केलेले आहे.

हा हक्क प्रत्यक्षात आणणारे कायदे मात्र अजून काही ठरावीक प्रसंगांपुरते आहेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 अन्वये, आपल्याला कोणी पाहत नाही अशी साहजिक अपेक्षा असलेल्या परिस्थितीत एखादी स्त्री खासगी कृती करीत असताना तिला पाहणे, तिचे चित्र टिपणे किंवा ते पसरविणे हा गुन्हा आहे. शौचालयाचा वापर आणि केवळ अंतर्वस्त्रांत असणे यांचा खासगी कृतीत समावेश होतो. पहिल्या अपराधास एक ते तीन वर्षे व पुन्हा केल्यास तीन ते सात वर्षे कारावास आणि दंड होतो. स्त्रीने चित्र घेण्यास संमती दिली होती, पण इतरांना दाखविण्यास दिली नव्हती, अशा वेळीही पसरविणारा गुन्हेगारच ठरतो. नात्यातल्या वा ओळखीच्या माणसांकडून होणाऱ्या फसवणुकीत हे स्पष्टीकरण फार मोलाचे आहे. हे कलम प्रथम 2013 मध्ये जुन्या दंडसंहितेत आले आणि 1 जुलै 2024 पासून नव्या संहितेत चालू आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66-ई स्त्री-पुरुष असा भेद न करता शरीराच्या खासगी भागाचे संमतीविना चित्रण करण्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. जागा सार्वजनिक आहे, ही सबब येथे चालत नाही.

बाजारात तूर विकत बसलेल्या माणसाचा चेहरा, शाळेतून परतणारी मुले किंवा अंगणात भाकरी थापणारी गृहिणी एखाद्याने चष्म्यातून टिपली, तर केवळ टिपण्याला गुन्हा ठरविणारे थेट कलम नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. 2023 च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याची कलमे टप्प्याटप्प्याने अमलात येण्याची व्यवस्था आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती घेण्याचे बंधन हा कायदा संस्था व कंपन्यांवर घालतो. परंतु व्यक्तीने स्वतःच्या वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला त्यातून सूट आहे. चष्मेवाला पाहुणा बहुधा याच सुटीत बसेल.

गावाच्या आणि शाळेच्या हाती काय आहे

कायदा जेथे थांबतो तेथे जागेचा नियम सुरू होतो. परीक्षेच्या बाबतीत तो पूर्वीच सुरू झाला आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत काळे चष्मे आणू नयेत, अशी सूचना असते. आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी माध्यमाच्या शाळांतील मुख्याध्यापकांना स्नेहसंमेलन व तपासणीच्या वेळी येणाऱ्या पाहुण्यांना कॅमेऱ्याचा चष्मा फाटकावर ठेवण्यास सांगता येईल. यात अपमान वाटण्याजोगे काही नाही. देवळात चप्पल बाहेरच ठेवतात. आरोग्य केंद्राची तपासणी-खोली आणि अंगणवाडी यांनाही हाच न्याय लागू करावा.

केसलापूरच्या नागोबा जत्रेचा विचार वेगळ्या दृष्टीने करावा लागेल. मेस्राम कुळातील नव्या सुनांची देवाशी भेट घडविण्याचा विधी तेथे होतो आणि त्या वेळी त्यांचे चेहरे पदराआड असतात. जत्रेचे वैभव जगाने जरूर पाहावे. पण कोणता विधी टिपू द्यावा आणि कोणता नाही, हे ठरविण्याचा अधिकार कुळातील वडीलधाऱ्यांचा व त्या सुनांचा आहे. तो मान्य करून छायाचित्रकारांची जागा आधीच आखून देणे व्यवस्थेच्या दृष्टीनेही सोयीचे पडेल. ग्रामसभेपुढे पाणवठा, नदीचा घाट आणि रानातल्या वाटा यांविषयी असा विचार मांडण्यास हरकत नसावी. मराठी आणि तेलुगू अशा दोन्ही भाषांत फलक असला म्हणजे नंतर ‘कळले नाही’ ही सबब उरत नाही.

आक्षेपार्ह चित्रण झाल्याचे आढळल्यास चष्मा हिसकावून घेणे किंवा मारहाण करणे टाळावे. त्याने पुरावाही नष्ट होतो. चित्र फोनवर फिरत असेल तर ते पुढे पाठवू नये, मात्र कोणत्या क्रमांकावरून व केव्हा आले याची नोंद ठेवावी. तातडीच्या वेळी 112, स्त्रियांसाठी 181 आणि सायबर फसवणुकीसाठी 1930 हे क्रमांक आहेत. नग्न वा खासगी चित्र काढून टाकण्याची मागणी पीडित व्यक्ती थेट संबंधित कंपनीकडे करू शकते. 2021 च्या नियमांनी त्यासाठी 24 तासांची मुदत घातली आणि पुढे ती आणखी कमी करण्यात आली.

सीमेवरील गावांनी एक तरतूद विशेष लक्षात ठेवावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, त्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. वेचणीसाठी पैनगंगेपलीकडे गेलेल्या स्त्रीचे चित्रण महाराष्ट्रात झाले असले, तरी तिची तक्रार तामसीच्या ठाण्याने नोंदवून घेतली पाहिजे. नंतर ती संबंधित ठाण्याकडे वर्ग होते. कलम 77 खालील स्त्रीची तक्रार स्त्री अधिकाऱ्यानेच लिहून घ्यावयाची असते. तक्रार लेखीच आणली पाहिजे असे नाही. तोंडी सांगितलेली हकीकत लिहून घेऊन ती तक्रारदाराला वाचून दाखविणे आणि तिची प्रत विनामूल्य देणे, हे ठाण्याचे काम आहे.